घर पाहावे बांधून, कागद पाहावा वाचून



‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. दोन्ही कामांत पैसा किती लागतो आणि दगदग किती होते, हे ती म्हण सांगते. आज आपल्या वऱ्हाडातली पुष्कळ कुटुंबे अमरावतीला किंवा अकोल्याला घर करू पाहतात. लेकरांच्या शिक्षणाची सोय होते. म्हाताऱ्या माणसाला दवाखाना जवळ पडतो. बाजाराच्या गडबडीपासून दूर, चार झाडे असलेली शांत वस्ती मिळावी, असे सर्वांनाच वाटते. ही इच्छा चांगली आहे. पण त्यापायी कापसाचे आणि तुरीचे कितीतरी वर्षांचे पैसे खर्ची पडतात. कोणी वावराचा तुकडाही विकतो. तो पैसा एकदा बुडाला, की पुन्हा उभा राहत नाही. म्हणून घर किंवा प्लॉट कसा घ्यावा, हे आज आपण क्रमाने पाहू.

आधी जागा पाहावी

जागा एकदाच पाहून भागत नाही. दिवसा पाहावी, रात्री पाहावी आणि पावसाळ्यातही पाहावी. दिवसा जी वस्ती शांत वाटते, तिच्या शेजारी मंगल कार्यालय असले तर लग्नसराईत झोप लागत नाही. काही ठरावीक दिवसांची सूट सोडली, तर रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर भोंगे लावायला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. तरी असा शेजार आधीच टाळलेला बरा.

पावसाळ्यात पाणी कोणत्या बाजूला वाहते, हे पाहावे. अकोल्यातून मोर्णा नदी जाते. २०२१ सालच्या जुलै महिन्यात मोठा पाऊस झाला आणि मोर्णेचे पाणी सखल वस्त्यांत शिरले. नदीकाठची किंवा नाल्याकाठची जागा स्वस्त मिळते. ती स्वस्त का, हे उन्हाळ्यात कळत नाही. शेजारच्या घराच्या भिंतीवर पुराची खूण दिसते का, ते पाहावे. तिथल्या जुन्या माणसांना विचारावे.

मग पिण्याच्या पाण्याची चौकशी करावी. अमरावती शहराला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी येते, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे. पण नव्या वस्तीत नळाची लाईन पोचली आहे का? विकणारा म्हणतो, “बोअर मारून घ्या.” आपल्याकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. तिथल्या जमिनीतले पाणी खारे असते. ते पिता येत नाही. बांधकामालाही ते वाईट, कारण खाऱ्या पाण्याने आतली सळई गंजते आणि गिलावा सुटतो. म्हणून शेजारच्या बोअरचे पाणी आधी चाखून पाहावे आणि मग तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट मातीची. आपली काळी माती कापसाला चांगली, पण घराला वाईट. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उन्हाळ्यात वावराला केवढ्या भेगा पडतात, हे आपण जाणतोच. तीच माती पायाखाली असली, तर भिंतीलाही भेगा पडतात. म्हणून पाया काळ्या मातीत ठेवू नये. खाली मुरूम लागेपर्यंत खोदावे. मुरूम फार खोल असेल, तर जाणत्या इंजिनिअरच्या सल्ल्याने खोल खांब घ्यावे लागतात. हा खर्च मोठा असतो. प्लॉटची किंमत ठरवतानाच तो हिशेबात धरावा.

मग कागद पाहावा

अमरावतीच्या जुन्या शहराला परकोट आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी, निजामाच्या अमलात, पेंढाऱ्यांच्या भीतीने तो बांधला गेला. त्या काळी घराचे रक्षण भिंत करीत असे. आता घराचे रक्षण कागद करतो.

शहराजवळच्या शेतजमिनीचा पहिला कागद म्हणजे सातबारा. जमीन कोणाच्या नावावर आहे, हे त्यावरून कळते. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा लिहिलेला असतो. तो रकाना जरूर वाचावा. ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिले असेल, तर सरकारच्या परवानगीशिवाय ती जमीन सहसा विकता येत नाही. आता सातबारा संगणकावर निघतो. त्यावर डिजिटल सही असते. विकणाऱ्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. आपण स्वतः ताजा उतारा काढावा.

शहरातल्या जुन्या जागेला सातबारा नसतो, आखीव पत्रिका असते. ती नगर भूमापन कार्यालयात मिळते. तिच्यावर ‘नझूल’ असा शब्द दिसला, तर ती मूळची सरकारी जागा असते आणि बहुधा भाडेपट्ट्याने दिलेली असते. पट्ट्याची मुदत किती उरली आणि अटी काय आहेत, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गावठाणातले घर घेताना ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. ती कर आकारणीची नोंद आहे. कर कोण भरतो, एवढे ती सांगते. मालकीचा पक्का पुरावा ती नव्हे. २०२० सालापासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकतीच्या पत्रिका मिळू लागल्या आहेत. गावात मोजणी झाली असेल, तर ती पत्रिका मागावी.

विकणारा एकटाच मालक आहे का, हेही पाहावे. वडिलोपार्जित जमिनीत बहिणींचाही हिस्सा असतो. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबात मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. भावाने एकट्याने सही केली आणि पुढे बहीण कोर्टात गेली, तर आपण अडकतो. सर्व वारसांच्या सह्या घ्याव्या, किंवा त्यांचे नोंदणी केलेले हक्कसोडपत्र पाहावे.

नकाशा आणि हिशेब

शेतात चुन्याच्या रेघा मारल्या आणि दगड रोवले, म्हणजे प्लॉट झाला असे नाही. मंजूर ले-आउट पाहिजे. त्यात रस्ते, नाल्या आणि मोकळी जागा दाखवलेली असते. शहरात महानगरपालिकेत, इतर ठिकाणी नगररचना विभागात त्याची चौकशी करावी. १९४७ सालच्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकायला मनाई केली. शहरी भागात त्याला अलीकडे सवलती मिळाल्या आहेत. पण सवलत आपल्या जागेला लागू आहे की नाही, हे तहसील कार्यालयातच विचारावे, दलालाला नव्हे.

एक सोपा हिशेब करून पाहू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ३० बाय ५० चा प्लॉट म्हणजे १,५०० चौरस फूट. एका एकरात असे २९ प्लॉट बसतात. पण तेव्हा, जेव्हा रस्त्याला एक फूटही जागा सोडली नसेल! कोणी एका एकरात २९ प्लॉट दाखवले, तर त्याला विचारावे, “भाऊ, आमची बंडी येणार कुठून?”

मोठा ले-आउट किंवा फ्लॅटची इमारत असेल, तर २०१६ सालच्या रेरा कायद्याने तिची नोंदणी लागते. महाराष्ट्रात हे काम महारेरा पाहते. नोंदणी केलेला करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

खरेदीखत म्हणजेच खरेदी

आमच्या पाहण्यात पुष्कळदा एक गोष्ट आली आहे. शेतकरी कापूस विकतो. ओळखीचा माणूस म्हणतो, “दादा, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून देतो, नोटरी करून देतो. खरेदीचा खर्च कशाला करता?” शेतकरी पैसे देतो आणि अंगठा उठवतो. चार वर्षांनी पाया खोदायला जातो, तर तिथे दुसऱ्याचेच घर उभे असते. तोच प्लॉट आणखी दोघांनाही लिहून दिलेला असतो.

हे नीट समजून घ्या. १०० रुपयांच्या वरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच होते. १८८२ सालापासून हाच कायदा आहे. इसारचिठ्ठी म्हणजे विक्री नव्हे. मुखत्यारपत्र म्हणजेही विक्री नव्हे. मुखत्यारपत्रावर झालेल्या अशा व्यवहारांनी मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे.

म्हणून पुढील क्रम ठेवावा. वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध घ्यावा. भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून चारही बाजूंचा धुरा आणि हद्द पाहावी. पैसे बँकेमार्फत द्यावे, रोख देऊ नये. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी हजर करावा लागतो. सही आणि नोंदणी एकाच दिवशी उरकावी, हे उत्तम. नोंदणीनंतर ‘सूची २’ चा उतारा घ्यावा. मग फेरफार करून सातबाऱ्यावर किंवा आखीव पत्रिकेवर आपले नाव चढवावे. ते चढल्यावर पुन्हा एकदा उतारा काढून पाहावा. तेवढे झाले, म्हणजे काम संपले.

आणखी एक. २०२१ सालापासून महाराष्ट्रात बाईच्या नावे राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पैसाही वाचतो आणि घरच्या लक्ष्मीच्या डोक्यावर हक्काचे छप्पर येते.

आपण आता अक्षर शिकलो आहोत. कोणी म्हणेल, “वाचायचे काय त्यात, सही करा.” त्याला सांगावे, “कागद घरी नेतो, दोन दिवस वाचतो, मग सही करतो.” खरा विकणारा थांबतो. जो थांबायला तयार नाही, त्याचा माल घेऊ नये.

प्रश्न
१. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना का वाचावा?
२. काळ्या मातीत पाया का ठेवू नये?
३. इसारचिठ्ठी आणि खरेदीखत यांत फरक काय?
४. आपल्या स्वतःच्या घराचा किंवा शेताचा उतारा काढा. त्यावर कोणाची नावे आहेत, ती घरात सर्वांना वाचून दाखवा.