पुराआधी टॉर्च तपासा

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी वीजही जाते. म्हणून घरातला मोठा वॉटरप्रूफ टॉर्च पावसाळ्याआधीच तपासावा.

पाणी अडवते ती झाकणाच्या आट्यांजवळची रबरी रिंग. तिच्यावर केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरते. रिंग पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. टॉर्चवरील ‘आयपीएक्स 7’ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याची क्षमता.

जुने-नवे सेल एकत्र घालू नयेत. टॉर्च बरेच दिवस वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत. पाझरले तर आतल्या पट्ट्या गंजतात. भिजलेला टॉर्च पूर्ण पुसल्याशिवाय उघडू नये.