प्रेशर तपासायला गेले, विषय निघाला पेटीच्या चावीचा

बंदी लागली की वर्षभर अडलेली कामे निघतात. जाळी शिवणे, इंजिन खोलणे, होडीला रंग, आणि वेळ उरलाच तर दवाखाना. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. आमच्यातले एक होडीवाले काका यंदा असेच आरोग्य केंद्रात गेले. वय ५६. डोके जड वाटते एवढेच निमित्त.

प्रेशर निघाले १६०/१००. थोडा वेळ बसवून परत बघितले, तरी तेवढेच. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. खारे, लोणचे कमी करा. डोके हलके झाले म्हणून गोळी सोडू नका. दर्यावर जाताना सुक्या डब्यात घालून न्या. इथपर्यंत नेहमीचेच.

कार्ड भरताना सिस्टरने घरचा नंबर विचारला. काकांनी तांडेलाचा दिला. बायकोचा विचारला, तर तो पाठ नव्हता.

सिस्टरने पेन खाली ठेवले. "काका, तुम्ही चार चार दिवस दर्यावर. उद्या काही झाले तर होडीचे कागद, बँकेचे पुस्तक, विमा कुठे आहे ते काकींना ठाऊक आहे?"

"सगळे माझ्या पेटीत आहे."

"आणि चावी?"

चावी काकांच्या करगोट्याला!

काका म्हणतात, आधी रागच आला. प्रेशर बघायला आलो, ही घरातले का विचारते? मग तिनेच सांगितले, तिचे वडीलही होडीवर होते. ते गेल्यावर आईने बँकेच्या कितीतरी फेऱ्या मारल्या.

घरी पेटी उघडली तेव्हा कळले, खात्यावर नॉमिनी म्हणून अजून काकांच्या आईचे नाव. ती जाऊन कित्येक वर्षे झाली. २० रुपयांचा सुरक्षा विमा दरवर्षी खात्यातून कापला जातो. अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात, पण काकीला तो आहे हेच माहीत नव्हते. काकी बाजारात मासळी घेऊन बसते, कुणाची किती उधारी ते तिला तोंडपाठ. नवऱ्याचे खाते कुठल्या बँकेत, ते मात्र ठाऊक नाही. आपल्यातल्या किती घरांत हेच असेल, बघा!

लग्नावेळी वेगळा करार केला नसेल तर गोव्याच्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मिळकत सामायिक असते. हक्क आहे, पण कागदच सापडला नाही तर तो दाखवायचा कसा? आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देते, वाटणी कायद्याप्रमाणेच होते. आता एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात.

दर्यात माणूस बेपत्ता झाला तर आणखी कठीण. सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही, तरच कायदा त्याला मृत धरतो. तोवर घर चालवायचे तर निदान खाते, कर्ज आणि विमा कुठे आहे एवढे तरी बायकोला माहीत हवे.

मत्स्यसंपदा योजनेखाली मच्छीमारांसाठी अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, हप्ता सरकार भरते. आपले नाव त्यात आहे का, ते मत्स्य खात्यात विचारून घ्या.

नॉमिनीचे फॉर्म भरायला सोसायटीत या, आम्ही मदत करू. पासबुक, आधार आणि होडीचे कागद आणा. आणि काकींना बरोबर घेऊन या, एकटे येऊ नका.