दुरुस्ती आणि भर

दुरुस्ती आणि भर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे शिक्षकाला किंवा कचेरीतील कारकुनाला वेगळे सांगावे लागत नाही. पुनर्मुद्रण म्हणजे नवी आवृत्ती नव्हे. शुद्धिपत्रक म्हणजे नवा शासननिर्णय नव्हे. क्रमिक पुस्तकाच्या पुनर्मुद्रणात एखादा धडा गुपचूप घातला, तर गिरगावातील वर्गात तो शिकवला जाईल आणि लालबागमधील मुले जुन्या प्रतीत तो शोधत राहतील. संगणकाच्या क्षेत्रात असाच प्रकार घडून गेला आहे.

मायक्रोसॉफ्टने 'डॉट नेट फ्रेमवर्क'ची २.० ही आवृत्ती २००५ साली आणली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना वारंवार लागणाऱ्या तयार घटकांचा मोठा संग्रह तीत होता. अशा संग्रहाला 'लायब्ररी' म्हणतात. २००७ साली आलेली ३.५ ही आवृत्ती २.० च्याच पायावर उभी होती. तिच्याबरोबर जुन्या संग्रहाची 'सर्व्हिस पॅक १' ही सुधारित प्रतही संगणकावर बसू लागली. सर्व्हिस पॅक म्हणजे दोषांची दुरुस्ती, अशी सर्वसाधारण समजूत. या दुरुस्तीतून मात्र काही नवे घटकही आत आले. तारीख-वेळेसोबत जागतिक वेळेपासूनचे अंतर, भारतापुरते साडेपाच तास, नोंदवणारा 'डेटटाइमऑफसेट' हा त्यांपैकीच एक. मूळ २.० च्या माहितीपुस्तिकेत त्याचा मागमूस असणे शक्यच नव्हते. तरीही संग्रहाचा क्रमांक २.०.०.० हाच राहिला.

याचा ताप कोणाला? परळमधील एखाद्या लहान पतपेढीसाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहिणारा तरुण डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या यंत्रावर सुधारित प्रत. तेथे सारे सुरळीत. पतपेढीच्या यंत्रावर मूळ २.०, तेथे प्रोग्राम सुरू होतो, पण नव्या घटकाशी येताच बंद पडतो. दोन्हीकडे क्रमांक एकच, तेव्हा दोष शोधायचा कोठे? खोळंबा होतो तो खिडकीपाशी उभ्या असलेल्या खातेदाराचा.

भर उपयुक्त होती आणि जुन्या प्रोग्रामांना तिची सहसा झळ नव्हती, हे मान्य केले पाहिजे. परंतु ठरवलेल्या आवृत्तीत मुळात नसलेले काही वापरल्यास इशारा देणारा नियम पुढे कंपनीच्याच तपासणी-साधनात आला. अडचण काल्पनिक नव्हती, हे यावरून दिसते.

आज अनेक लायब्रऱ्या तीन आकड्यांचा संकेत पाळतात : दोष काढला तर शेवटचा आकडा वाढतो, भर घातली तर मधला, जुने काही मोडले तर पहिला. ही शिस्त नवी नव्हे. दादरसारख्या वस्तीतील कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयात दाखल-नोंदवहीत चढल्यावाचून पुस्तक कपाटात जाऊ नये, असा दंडक असतोच. फोनपासून बँकेपर्यंत सारे काही आपोआप अद्ययावत होत असताना तोच दंडक यंत्रातील लायब्ररीलाही लागू असावा. भर घालण्यास कोणाचीच हरकत नाही. तिची नोंद हवी आणि तिला तिचा स्वतंत्र क्रमांक हवा.