‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ म्हणजे काय?

‘आता १० टक्के भरा, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही!’ अशा जाहिराती आपल्या इंदूरकर तरुण मंडळींच्या मोबाइलवर येतच असतात. लग्न ठरलेल्या माझ्या भाच्यानेही विचारलं, “मामा, करू का बुकिंग?” त्याला जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

‘हप्ता नाही’ म्हणजे कर्ज नाही, असं नव्हे. कर्ज तुमच्याच नावावर असतं. ताब्यापर्यंतचं व्याज बिल्डर भरतो, एवढंच. त्याने हात आखडता घेतला की बँक तुमच्या दारी येते आणि सिबिल स्कोअर तुमचाच घसरतो. म्हणूनच बांधकामाच्या टप्प्यांनुसारच कर्जाची रक्कम द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावलं.

कर्जालाही मर्यादा आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा त्यात धरत नाहीत. त्याची सोय आधी करा.

२०१६ च्या रेरा कायद्यानुसार जाहिरातीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक हवा. तो रेराच्या संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही.

व्याज कोण आणि कधीपर्यंत भरणार, हे करारात लिहून घ्या. शेवटी स्वतःलाच विचारा : बिल्डर थांबला, तर राहत्या घराचं भाडं आणि कर्जाचं व्याज, दोन्ही आपल्या पगारात बसेल का? बसत असेल, तरच सही करा.