नकाशात गल्ली नाही

अकराच्या सुमाराला ग्वाल्हेरच्या दाना ओलीत कुणीच सरळ चालत नाही. सगळे अंग चोरून, तिरपे होत पुढे सरकतात. साखरेची पोती उतरवणारी लोडिंग गाडी दुकानाला खेटून उभी आहे. तिच्यामागे ई-रिक्षा, रिक्षेमागे स्कूटर, स्कूटरमागे हातठेला. ‘अरे भैया, ज़रा पीछे लो!’ कुणीतरी ओरडतं. मागे घ्यायला मागे जागाच नाही. मी नालीवरच्या फरशीवर चढून पल्लेदाराला वाट देतो.

कोंडीचं कारण चार घरं पुढे आहे. चौकाचा जुना वाडा होता तिथे हिरव्या जाळीआड काँक्रीटचे खांब वर चढताहेत. खाली दुकानं, वर फ्लॅट. वाळू रस्त्यातच ओतलेली, सळया शेजारच्या ओट्यापर्यंत आलेल्या. शाळेतून परतणारी मुलगी सळयांवरून उडी मारते. तिची आजी मात्र अलीकडेच थांबते आणि कुणी हात देईल का, म्हणून पाहते.

‘अहो, हे टोक धरा जरा,’ निवृत्त मास्तर असलेले काका मोजफितीचं टोक माझ्या हातात देतात. मंगळवारच्या जनसुनवाईत द्यायचा अर्ज तयार होतोय. इमारतीसमोर गल्ली जरा ऐसपैस आहे. तिथलं माप घेऊन आम्ही गल्लीच्या तोंडाशी येतो. इथे एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला पुढे आलेली पायरी. फीत पुरती उलगडायची वेळच येत नाही.

‘बघितलंत?’ काका म्हणतात. ‘नकाशा प्लॉटचा असतो. गल्लीचा कोण काढतो?’

दौलतराव शिंद्यांचा तळ 1810 मध्ये इथे पडला आणि त्या छावणीचंच पुढे लष्कर शहर झालं. त्या काळच्या वस्तीला बैलगाडी, घोडा, पालखी जाईल एवढी वाट पुरत होती. आज त्याच वाटेवर घाऊक बाजारही आहे आणि राहती वस्तीही. राष्ट्रीय बांधकाम संहिता 15 मीटर आणि त्याहून उंच इमारतीसमोर 12 मीटर रुंद रस्ता मागते. त्या उंचीच्या जरा आत राहिलं की संहितेच्या लेखी इमारत ‘उंच’ ठरत नाही. धूर मात्र चौथ्या मजल्यावरही तितकाच चढतो.

‘इंदरगंज विसरलात का?’ ओट्यावर भाजी निवडणाऱ्या काकू विचारतात. कुणी विसरलेलं नाही. मे 2020, टाळेबंदीचे दिवस. खाली रंगाचं दुकान, वर राहतं घर. आगीत सात जीव गेले. ते ठिकाणही याच लष्करात.

आवाज ऐकून साइटवरचा मुनीम बाहेर येतो. ‘काकाजी, नीचे तलघर में पूरी पार्किंग है। आपकी गली में एक गाड़ी खड़ी नहीं होगी।’

लोक हसतात. नकाशात पार्किंग दाखवायची आणि तलघरात दुकान नाहीतर गोदाम थाटायचं, ही ग्वाल्हेरची जुनी खोड आहे. पालिका अधूनमधून कारवाई करते, पुन्हा शटर वर जातं. मुनीमही हसतो, पण नजर वळवून.

गर्दीतला एक तरुण हसत नाही. यातला एक फ्लॅट त्याने बुक केलाय. ‘काका, आईचे गुडघे गेलेत. आमच्या घराचा जिना तुम्ही पाहिलाय. लिफ्ट मिळतेय, मोहल्ला सुटत नाही. मी कुठे जाऊ? शहराबाहेरच्या कॉलनीत?’

कुणाला चटकन उत्तर सुचत नाही. वाडा विकणारेही काही मजेने गेले नव्हते; दर पावसाळ्यात गळणारं छत आणि वाटण्यांत अडकलेल्या खोल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. काकू पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे करतात. ‘तुला कोण नको म्हणतंय, बाळा? तुझ्या आईला दवाखान्यात न्यायचं झालं, तर 108 ची गाडी कुठवर येईल, तेवढं सांग.’

तो गल्लीच्या तोंडाकडे पाहतो. लोडिंग गाडी अजून तिथेच आहे.

काका अर्ज ओट्यावर पसरतात. पहिली मागणी आहे, ‘बांधकाम त्वरित थांबवावे.’ ते पेनने ती ओळ खोडतात. त्याखाली लिहितात: लोडिंगच्या वेळा ठरवाव्यात, तोंडाशी असलेला खांब हलवावा, तलघरात माल साठवू देऊ नये. मग जरा थांबून आणखी एक घालतात: फ्लॅटचा ताबा देण्यापूर्वी, बाजार चालू असताना, भर दुपारी अग्निशमन दलाची गाडी या इमारतीच्या दारापर्यंत आणून दाखवावी.

‘ये तो नगर निगम का काम है,’ मुनीम पुटपुटतो.

‘म्हणूनच त्यांना लिहितोय,’ काका म्हणतात आणि सहीसाठी पेन पुढे करतात. फ्लॅट बुक केलेला तरुण ते सगळ्यांच्या आधी घेतो.