दोन डबे, एक बादली

कृष्णाकाठी, कराडपासून पलूसपर्यंत, संकरित गायींमागोमाग दूध काढण्याची यंत्रे गोठ्यांत आली. यंत्राबरोबर ते धुण्याचे दोन डबेही आले. एक क्लोरीन घातलेल्या क्षाराचा, दुसरा आम्लाचा. घोटाळा इथेच होतो.

काही वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यातील एका गोठ्यात मी गाय तपासायला गेलो होतो. सकाळची धार नुकतीच आटोपली होती. घरातला तरुण मुलगा दारापाशी रबरी नळ्या बादलीत बुडवत होता. "डॉक्टर, दोन्ही एकदम टाकलं की काम लवकर उरकतं," म्हणत त्याने क्षाराच्या पाण्यात झाकणभर आम्ल ओतलेसुद्धा! घसा धरणारा उग्र वास उठला. मी त्याला दंडाला धरून बाहेर ओढले. वासरू आत बांधलेले. त्याच्यासाठी आबा धावले. त्यांना अडवणे मुलाला अडवण्यापेक्षा कठीण गेले. मागचे दार बाहेरून उघडल्यावर वारा खेळला आणि वासरू बचावले. मुलगा मात्र दुपारपर्यंत खोकत होता.

तो वास क्लोरीन वायूचा. क्षारात हा क्लोरीन जणू बांधलेला असतो. आम्ल पडले की सुटतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. बसलेला माणूस आणि बांधलेले वासरू त्यात आधी सापडतात. शहरातल्या न्हाणीघरात ब्लीच आणि फरशीचे ॲसिड एकत्र केले तरी हेच घडते.

मग दोन डबे कशाला? क्षार दुधातील स्निग्धांश व प्रथिने काढतो. जड पाण्याचा व दुधातील खनिजांचा पांढरा थर आम्लानेच सुटतो. दोन्ही हवेत, पण पाळीपाळीने. आधी कोमट पाणी, मग गरम पाण्यात क्षार. नंतर भरपूर साध्या पाण्याने धुऊन मगच आम्ल, आणि पुन्हा पाणी. मापसुद्धा वेगळे ठेवावे. आम्ल पाण्यात सोडावे, आम्लावर पाणी ओतू नये.

चुकून वायू सुटलाच तर बादली आवरत बसू नका. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने मोकळ्यावर या. डोळे चुरचुरत असतील तर पंधरा मिनिटे पाण्याने धुवा. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा, कारण फुप्फुसांत पाणी साचण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. जाताना डब्यांवरचा मजकूर उतरवून न्या. त्या मुलाच्या डब्यांवरचा मजकूर इंग्रजीत होता. आबांनी आता आम्लाच्या डब्याला लाल चिंधी बांधली आहे.