औद्योगिक कामगारांची आरोग्यसेवेपर्यंतची पोहोच

आरोग्यसेवेची पोहोच म्हणजे आजारी असलेल्या किंवा आजाराचा धोका असलेल्या व्यक्तीला योग्य वेळी, परवडणाऱ्या खर्चात आणि योग्य दर्जाची सेवा प्रत्यक्ष मिळू शकण्याची स्थिती होय. दवाखाना जवळ असणे ही या स्थितीची एक अट आहे; परंतु तेवढ्याने पोहोच सिद्ध होत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात ही संकल्पना लोकसंख्येच्या आरोग्याशी, म्हणजेच एखाद्या संपूर्ण जनसमूहातील आजार, मृत्यू व आयुर्मान यांच्या मोजमापाशी जोडली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी या दोन्ही संकल्पनांचा परस्परसंबंध विशेष स्पष्टपणे दिसतो.

संकल्पनेचा विकास

वेल्समधील कोळसा खाणीच्या गावात वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात 'व्यस्त सेवा नियम' मांडला. ज्या लोकसमूहाला वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक असते त्यालाच ती सर्वांत कमी मिळते, आणि सेवा बाजारपेठेवर जितकी अधिक सोपवली जाते तितकी ही विषमता वाढते, असे या नियमाचे सार आहे.

१९८१ मध्ये रॉय पेंचान्स्की व विल्यम थॉमस यांनी पोहोच या संकल्पनेचे पाच घटक सांगितले: सेवेची उपलब्धता, तेथवर जाण्याची सोय, सेवेच्या वेळा व पद्धती यांचा रुग्णाच्या दिनक्रमाशी मेळ, खर्चाची परवड आणि परस्पर स्वीकार. यांपैकी एक घटक जरी निखळला तरी उरलेल्या चारांचा उपयोग मर्यादित होतो. १९९४ मध्ये सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनी मातामृत्यूंच्या संदर्भात 'तीन विलंबां'ची मांडणी केली. उपचार घेण्याचा निर्णय करण्यातील, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील असे हे विलंब आहेत. पुढे इतर आजारांच्या अभ्यासातही ही मांडणी वापरली जाऊ लागली.

कागल-हातकणंगले वसाहतीचे स्वरूप

ही वसाहत कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांच्या हद्दीत पसरलेली असून पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गाच्या जवळ आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजेच बोलीभाषेतील 'एमआयडीसी'ने, ती विकसित केली. शिरोली व गोकुळ शिरगाव या जिल्ह्यातील आधीच्या वसाहती होत. कागल येथे वस्त्रोद्योग, अभियांत्रिकी व धातुकामाचे कारखाने आहेत. कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने हा परिसर दोन राज्यांच्या सीमाभागात येतो. 'पंचतारांकित' हे विशेषण रस्ते, पाणी, वीज यांसारख्या औद्योगिक पायाभूत सुविधांच्या दर्जाशी संबंधित आहे. कामगारांच्या आरोग्यसुविधांचा दर्जा त्यातून सूचित होत नाही.

जिल्ह्यातील प्रमुख शासकीय रुग्णालय म्हणजे कोल्हापूर शहरातील छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय. 'सीपीआर' या नावाने ओळखले जाणारे हे रुग्णालय राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. कागलपासून ते सुमारे २० किलोमीटर अंतरावर आहे. अंतराचा विचार केला तर ते दूर नाही. मात्र पेंचान्स्की व थॉमस यांचा तिसरा घटक, म्हणजे वेळेचा मेळ, येथे निर्णायक ठरतो. बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा ठरलेल्या असतात, तर कारखान्यातील काम पाळ्यांमध्ये चालते. रोजंदारीवरील किंवा कंत्राटी कामगाराला तपासणीसाठी एक दिवस खर्च करावा लागला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे मोफत उपचारालाही किंमत पडते, आणि ती केसपेपरवर कोठेही नोंदली जात नाही.

कामाशी निगडित आजार

ओतशाळेत साचे तयार करण्यासाठी वाळू वापरतात. साचे फोडताना आणि ओतीव भाग घासून साफ करताना सिलिकाची सूक्ष्म धूळ हवेत मिसळते. ती दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांत तंतुमय व्रण तयार होतात. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानी भरून येत नाही. धुळीशी संपर्क थांबल्यानंतरही आजार वाढू शकतो. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ मध्ये स्फटिकमय सिलिकाची धूळ ही मानवात कर्करोग निर्माण करणारी असल्याचे वर्गीकरण केले.

सिलिकोसिसमुळे क्षयरोगाचा धोका वाढतो. दोन्ही आजारांत खोकला, दम लागणे व वजन घटणे ही लक्षणे आढळतात आणि क्ष-किरण चित्रांतही साम्य असू शकते. म्हणून सिलिकोसिसच्या रुग्णाला केवळ क्षयरोगी समजून वारंवार औषधे दिली जाण्याची शक्यता असते. असा रुग्ण दवाखान्यात पोहोचलेला असतो, तरीही योग्य निदानापर्यंत पोहोचलेला नसतो. हा तिसऱ्या विलंबाचाच एक प्रकार होय.

सूतगिरण्यांतील कापसाच्या धुळीमुळे बिसिनोसिस हा श्वसनविकार होतो. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे सुरुवातीचे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण आहे. यंत्रांच्या सततच्या आवाजाने येणारा बहिरेपणा हाही औद्योगिक आजार मानला जातो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत या तिन्हींचा समावेश होता आणि त्यांची सूचना शासनाला देणे बंधनकारक केलेले होते.

कायदेशीर संरक्षण व त्याच्या मर्यादा

कारखाने अधिनियमानुसार दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ५०० पेक्षा अधिक कामगार असल्यास रुग्णवाहिका कक्ष आवश्यक होता. लहान कारखान्यात त्यामुळे प्रथमोपचारापलीकडील सोय त्या कायद्याने अनिवार्य होत नव्हती.

कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ ही कामगारांच्या आरोग्य संरक्षणाची मुख्य चौकट होती. १० किंवा अधिक व्यक्ती काम करीत असलेल्या कारखान्यांतील, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगारांना ही योजना लागू होते. ही वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे. १ जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्के आहे. विमाधारकाबरोबर त्याच्या कुटुंबीयांनाही वैद्यकीय सेवा मिळते. आजारपणाच्या काळात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत रोख लाभ दिला जातो. परंतु त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. काम मधूनमधून सुटणाऱ्या कामगाराला ही अट अडचणीची ठरते. कंत्राटी कामगारांच्या अंशदानाची प्राथमिक जबाबदारी मुख्य मालकावर असते. या दोन्ही कायद्यांची जागा घेणाऱ्या संहिता संसदेने २०२० मध्ये संमत केल्या आणि त्या २०२५ मध्ये लागू झाल्या.

महाराष्ट्र शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. तिचा भर रुग्णालयात दाखल करून करावयाच्या ठरावीक उपचारांवर आहे. दीर्घकालीन खोकल्याची तपासणी, नियमित औषधे व बाह्यरुग्ण उपचार यांचा मोठा भाग तिच्या कक्षेबाहेर राहतो.

संशोधनाचे निष्कर्ष

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) बाळंतपण वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च शासकीय रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये आढळला. ग्रामीण भागातील सुमारे १४ टक्के व शहरी भागातील सुमारे १९ टक्के लोकांनाच आरोग्य खर्चाचे संरक्षण होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला.

मार्गारेट क्रुक व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपचारांनी टाळता येण्याजोग्या मृत्यूंची विभागणी केली. भारतात २०१६ मध्ये असे सुमारे १६ लाख मृत्यू निकृष्ट दर्जाच्या सेवेमुळे, तर सुमारे ८ लाख ३८ हजार मृत्यू सेवा न घेतल्यामुळे झाले, असा त्यांचा अंदाज आहे. सेवा न मिळणे आणि अपुरी सेवा मिळणे या दोन समस्या वेगळ्या मोजल्या पाहिजेत, हे या अभ्यासाने अधोरेखित केले.

मोजणी कोणाची?

सपाट प्रदेशात साधारणपणे ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० लोकसंख्येमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. ही लोकसंख्या निवासी असते. औद्योगिक वसाहतीत दिवसभर काम करणारा, पण दुसऱ्या तालुक्यात, परजिल्ह्यात किंवा सीमेपलीकडील गावात घर असलेला माणूस कामाच्या ठिकाणच्या निकषात गणला जात नाही. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्याने वाढत्या औद्योगिक परिसरांच्या नियोजनाला २०११ च्या आकड्यांचाच आधार राहिला.

दुसरी अडचण 'निरोगी कामगार परिणाम' या नावाने ओळखली जाते. जड काम करण्यास असमर्थ झालेली व्यक्ती नोकरी सोडते. त्यामुळे कारखान्यात उरलेले कामगार सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा निरोगी दिसतात. केवळ प्रवेशद्वाराच्या आतील तपासण्यांवर आधारलेला अभ्यास म्हणूनच फसवा ठरू शकतो. दम लागू लागल्याने काम सोडून गावी परतलेला ओतकामगार कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो, आणि त्याच्या आजाराचे मूळ गावातील दवाखान्याला ठाऊक नसते.

घरोघरी जाऊन मोजणी केल्यास चित्र किती बदलते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदींतून हा आजारभार दिसणे शक्यच नव्हते. त्याच जिल्ह्यातील ३९ गावांत गावातील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देण्यात आली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनली.

उपाययोजनांची दिशा

या संशोधनाच्या आधारे औद्योगिक परिसरांसाठी काही उपाय सुचतात. बाह्यरुग्ण सेवेच्या वेळा पाळ्यांशी जुळवणे, कंत्राटी कामगारांच्या विमा नोंदणीची पडताळणी करणे, काम सोडलेल्या कामगारांचा गावपातळीवर पाठपुरावा ठेवणे आणि सेवेच्या नियोजनात निवासी लोकसंख्येबरोबर कामाच्या ठिकाणची लोकसंख्या धरणे, हे त्यांतील प्रमुख होत. धुळीचे आजार बरे करण्यापेक्षा टाळणे शक्य असल्याने ओले कामकाज, बंदिस्त यंत्रणा व धूळ शोषून घेणारी यंत्रे यांना मुखपट्ट्यांपेक्षा अग्रक्रम दिला जातो.

सर्वांत कमी खर्चाचा उपाय मात्र जुना आहे. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामात्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांत 'तुम्ही काय काम करता?' या प्रश्नाची भर घालावी, असे सुचवले. कागलच्या परिसरातील कोणत्याही दवाखान्यात दीर्घकाळ खोकणाऱ्या रुग्णाला हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर केसपेपरवर लिहिले गेले, तर क्षयरोग व सिलिकोसिस यांतील फरक ओळखण्याची सुरुवात तेथूनच होते.